घरचा श्वास

रोज सकाळी आठ वाजता, दवाखान्यात झाडूवालीखेरीज कुणी आलेलं नसताना, बाई पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत नाकाला चिमटा लावून बसायच्या. तोंडात प्लास्टिकची नळी, नळीवर फ्रीजरमधून काढलेलं धातूचं वेष्टण, समोर भिंतीवर घड्याळ. दहा मिनिटं नुसता श्वास घ्यायचा आणि नळीत सोडायचा. श्वासातली वाफ थंड नळीत निवायची, तिचे थेंब व्हायचे आणि तळाशी अर्धं टोपणभर पाणी साठायचं. ते मशीनमध्ये घातलं की मशीन थोडा वेळ गुणगुणायचं आणि आकडा दाखवायचं. चार.

अकरा वर्षं चार. एखादा दशांश इकडे, एखादा तिकडे, पण आकडा चारच. काळ्या दगडावरची रेघ.

दवाखाना छातीच्या विकारांचा होता आणि ही खोली दम्याच्या लोकांची. डॉक्टर प्रत्येक नव्या रुग्णाला एकच दाखला द्यायचे. "लोखंड हवेत पडून राहिलं की गंजतं ना? तसा तुमच्या श्वासनळ्यांना आतून गंज चढतो. दम लागायच्या कितीतरी आधी त्याची खूण श्वासात उतरते. बाई ती खूण मोजतात." खूण म्हणजे पेरॉक्साइड. जखमेवर ओतलं की फसफसतं तेच, पण श्वासाच्या पाण्यात अगदी कणाचाही कण. पाचाच्या आत असलं तर ठीक, आठाच्या वर गेलं तर काळजी. खोलीबाहेर बाकावर बसलेले सगळे त्याला गंजाचा आकडा म्हणायचे.

पण मशीनचं डोकं ठिकाणावर आहे हे कोण सांगणार? त्यासाठी रोज सकाळी एका धडधाकट, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या, दमा नसलेल्या माणसाचा श्वास आधी मोजायचा असा नियम होता. त्या नमुन्याला तिथे 'घरचा श्वास' म्हणत. घरचा श्वास नेहमीसारखा आला की मशीन बरोबर, मग बाहेरच्यांना आत घ्यायचं. तो माणूस कोण असावा हे नियमात लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाई हजर होत्या म्हणून त्या बसल्या, आणि मग त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलंच नाही. डॉक्टर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "आमचा काटा म्हणजे बाई. त्यांच्यावर सगळं तोलायचं." तेव्हापासून शिपायापासून औषधवाल्यापर्यंत सगळे त्यांना काटाबाई म्हणू लागले.

बाईंना ते नाव आवडायचं, फक्त कबूल करत नसत. बावन्न वर्षांत त्यांना 'आमचं' असं कुणी म्हटलं नव्हतं. रूप बेताचं, लग्न जमलं नाही, ऐन उमेदीची वर्षं आईवडिलांची दुखणी काढण्यात गेली. मिरवावं असं त्यांच्याकडे एकच होतं, तो श्वास.

"फुंकू नका, ही पिपाणी नाही. नेहमीसारखा श्वास घ्या," त्या रुग्णांना सांगायच्या. आणि नेहमीसारखा घ्या म्हटलं की माणसाला तो घेता येत नाही, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. कुणी छाती फुगवायचं, कुणी डोळे पांढरे करायचं. थुंकीचा एक थेंब नळीत गेला की नमुना बाद. मग बाई चिडायच्या, नळी बदलायच्या, पुन्हा दहा मिनिटं.

वापरलेल्या नळ्या मागच्या कोंदट खोलीत जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवायच्या आणि संध्याकाळी धुवायच्या, हेही बाईंचंच काम. त्या द्रवाच्या वासाने नव्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. खोलीला एक खिडकी होती, पण एसी बसवताना ती कायमची बंद झाली. बाईंना वासाचं काही वाटत नसे. "मला सवय आहे," त्या म्हणायच्या. सवय हा फार लबाड शब्द आहे. ती नाकाला होते, छातीला होत नाही.

बाई धाकट्या बहिणीकडे राहायच्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. धाकटी घरी शिवणकाम करायची आणि तिचा नवरा बस बांधणाऱ्या कारखान्यात रंगारी होता. रंगारी म्हणजे ब्रशवाला नव्हे, फवाऱ्याने रंग मारणारा. एका हातात असा गुळगुळीत रंग चढवायचा की बसच्या अंगात तोंड पाहून भांग पाडावा. वीस वर्षं त्या रंगाच्या धुक्यात काढल्यावर त्याला दमा जडला. रंग कडक व्हावा म्हणून त्यात जे मिसळतात, त्यानेच घात केला. डॉक्टरांनी त्याला फवारणीच्या खोलीतून बाहेर काढलं आणि रोजचा पंप सुरू केला. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तिथे तो दीड वर्ष नटबोल्ट मोजून देत होता आणि झुरत होता.

"ताई, तुमच्या त्या आकड्याने माझा पार कारकून केला," तो जेवताना म्हणायचा. "आज एकजण विचारतो, काका, बारीक वॉशर आहे का? काका! मला!"

"गप जेवा. जिवंत आहात ना?"

"स्टोअरमध्ये त्याला जिवंत म्हणतात होय?"

धाकटी हसू दाबत त्याच्या ताटात अजून वाढायची. मूलबाळ नव्हतं त्या घरात. जेवणाच्या वेळचा हा दंगाच काय तो होता, आणि बाई दिवसभर त्याची वाट पाहायच्या.

मशीनने पहिल्यांदा दगा दिला तो रंगारी स्टोअरमध्ये गेला त्या वर्षीच्या थंडीत. म्हणजे बाईंना तसं वाटलं. घरचा श्वास पाच आला. दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशीही पाच. अशा वेळी तपासायला एक बाटली असायची, ठरावीक पाचाचा द्रव भरून आलेली. ती घातली की मशीनने पाच दाखवायला हवं. बाईंनी घातली. मशीनने पाचच दाखवले.

आता यावरून शेंबड्या पोरालाही कळावं की मशीन बरोबर आहे आणि बदललंय ते दुसरंच काहीतरी. पण बाईंनी हिशेब वेगळा मांडला. या द्रवाचा जोर ठेवून ठेवून उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे बाटली उतरलेली, मशीन चढलेलं, आणि दोन चुकांची फिट्टंफाट होऊन पाच दिसतायत. आपला श्वास बदलला असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. बाटली त्यांनी बेसिनमध्ये ओतून दिली. नवी मागवली नाही. अकरा वर्षं जो हलला नाही तो श्वास सोडून काचेच्या बाटलीवर कोण भरवसा ठेवणार? मशीनमध्ये दुरुस्तीचा एक खाना असतो, त्यात त्यांनी नवा आकडा घालून पाचाला पुन्हा चारावर आणलं आणि वहीत सही केली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पुढे वर्षभरात त्यांनी ते आणखी दोनदा केलं. वहीत तीन नोंदी, तिन्ही वळणदार अक्षरात. महिन्याच्या शेवटी पानाखाली डॉक्टर सही करायचे, पण बाईंनी लिहिलेलं वाचायचं काय, म्हणून न वाचता.

त्याच वर्षी बाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला थांबू लागल्या. एकदा रंगारी मागून जिना चढत आला आणि त्यांच्याजवळ कान टवकारून उभा राहिला.

"ताई, तुमच्या छातीत मांजर गुरगुरतंय."

"काहीतरीच. धूळ आहे जिन्यात."

"मी ओळखतो ना त्या मांजराला. दोन वर्षं माझ्याकडे जेवायला आहे. चाल करून तुमच्याकडे आलं की काय?"

"माझा आकडा चार आहे," बाई म्हणाल्या. "आज सकाळीच पाहिलाय."

"मग प्रश्नच मिटला. काट्यापुढे मांजराचं काय चालणार!" त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे निघाला. वर दारात धाकटी उभी होती. ती दोघांकडे पाहून हसली.

रंगाऱ्याचा स्वतःचा आकडा मात्र सुधारत होता. दर महिन्याला तो बाईंसमोर चिमटा लावून बसायचा आणि नळीवरून भुवया नाचवायचा. अकरा, मग नऊ, मग सात. कागदावर माणूस चांगला बरा होत चालला होता. इकडे कारखान्याने फवारणीच्या खोलीत नवा पंखा बसवला, नवे मास्क आणले आणि रंगाऱ्याला सांगितलं की डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस तर परत घेऊ. तो धाकटीला घेऊन दवाखान्यात आला. त्या दिवशी आकडा आला चार पूर्णांक आठ.

"रात्री खोकला? झोपमोड?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! ढाराढूर झोपतो."

आठवड्यातून तीन रात्री तो पाठीशी उशी घेऊन बसून काढतो, हे धाकटीला माहीत होतं. तिने तोंड उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. दीड वर्षात तो चेहरा तिने इतका उजळलेला पाहिला नव्हता. डॉक्टरांनी कागद पुन्हा एकदा पाहिला. "आकडा उत्तम आहे. रोजचा पंप थांबवून बघू. अडीअडचणीचा खिशात असू द्या. मास्क काढायचा नाही." आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली.

"ताई, पहिली बस तुमच्या नावाची," रंगारी म्हणाला. बाई त्या दिवशी इतक्या खूश होत्या की संध्याकाळी नळ्या धुताना गुणगुणत होत्या. मधे खोकला आला म्हणून थांबल्या, एवढंच.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला रंगारी फवारणीच्या खोलीत गुडघ्यावर बसला. बाहेरच्यांना वाटलं, खालची कड रंगवतोय. अडीअडचणीचा पंप खिशातच होता, पण खिसा अंगभर चढवलेल्या रंगाच्या सूटच्या आत, गळ्यापर्यंत लावलेल्या चेनच्या खाली. दोघांनी त्याला उचलून मोकळ्या हवेत आणलं तोवर त्याचे ओठ निळे पडले होते. दवाखान्याच्या दारात गाडी पोचली तेव्हा उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बसची एक बाजू रंगवून झाली होती, आणि काम झकास झालं होतं असं सगळे सांगत होते.

बाई पंधरा दिवस घरी राहिल्या. धाकटी रडत नव्हती. ती शिवणयंत्रापाशी बसायची, शिवत काही नसायची, आणि तेच तेच बोलायची. "मला माहीत होतं गं ताई. उशी घेऊन बसायचे. डॉक्टरांनी सरळ विचारलं आणि मी गप्प बसले. मीच डबा भरून पाठवलं त्यांना तिथे."

"तुझा काय दोष? आकडा चांगला होता," बाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायच्या. "आकडा चांगला असताना कुणी काय करणार?"

हे त्यांनी पंधरा दिवसांत किती वेळा म्हटलं असेल, पुढे तेच त्यांना जाळत राहिलं.

कामावर परतल्या तेव्हा खोलीत नवी मुलगी होती, बाईंच्या रजेपुरती दुसरीकडून पाठवलेली. मोठी चुणचुणीत. तिने पहिल्याच दिवशी नियमाप्रमाणे स्वतः बसून घरचा श्वास दिला होता, आणि मशीनने दाखवला होता एक पूर्णांक दोन.

"एवढा कमी कुणाचाच नसतो ना, मॅडम," ती सांगत होती. "मला वाटलं माझंच काही चुकलं. मग नवी बाटली मागवली. पाचाची बाटली, तर मशीन म्हणतं दोन! काल मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला मशीन ठणठणीत आहे, कुणीतरी दुरुस्तीच्या खान्यात हात घालून सगळे आकडे खाली ओढलेत. आता त्याने सरळ केलंय." एवढं बोलून तिची नजर वहीतल्या सह्यांवर गेली आणि ती एकदम थांबली.

बाईंनी फ्रीजर उघडून वेष्टण काढलं. त्यांनी नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात धरली आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. ती दहा मिनिटं अकरा वर्षांत कधी सरली नाहीत इतकी हळू सरली. पाणी मशीनमध्ये घातलं. मशीन गुणगुणलं.

दहा.

पाचाचे दोन दिसत होते, म्हणजे दहाचे चार. बाईंना हिशेब करायला कागद लागला नाही. आणि मग, नको नको म्हणत असताना, डोक्याने पुढचाही हिशेब केला. चार पूर्णांक आठ म्हणजे बारा. त्या मागच्या खोलीत गेल्या, ट्रेसमोर उभ्या राहिल्या, त्या बंद खिडकीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वास त्यांच्या घशाला लागला.

डॉक्टरांनी वही पाहिली. आधी बाईंच्या सह्या, मग पानाखालच्या स्वतःच्या.

"वर्षभरात किती लोक?"

"सदतीस. यादी केली आहे. आधी या नऊ जणांना बोलवा, यांचे पंप कमी केलेत तुम्ही."

"आजच बोलावतो." त्यांनी वही मिटली. "बाई, आपण मशीनमध्ये बिघाड होता असं लिहू. तेच बरं."

"मशीन बरोबर होतं, डॉक्टर."

"मला कळतं ते. पण मशीनला नोकरी नसते जायला." त्यांनी बाईंची छाती तपासली, मागच्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं आणि एक चिठ्ठी लिहून दिली. रंगाऱ्याला होता तोच रोजचा पंप. बाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि औषधवाल्याच्या समोरून मान खाली घालून निघून गेल्या.

वहीत त्यांनी बिघाड लिहिला नाही. 'घरचा श्वास देणाऱ्या व्यक्तीस दमा. तिन्ही दुरुस्त्या चुकीच्या' असं लिहून खाली सही केली. ते सोपं गेलं, वहीला तोंड नसतं. घरी मात्र तीन दिवस त्यांची जीभ उचलली नाही. धाकटीखेरीज त्यांना कुणी नव्हतं. हे छप्पर तिचं होतं. आणि खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं होतं. रंगारी गेला तो जाणारच होता, नियती, नशीब, लोक असलं कितीतरी म्हणतात. बाईंनी ते सगळं स्वतःला म्हणून पाहिलं. पण समोर बसून धाकटी पुन्हा म्हणायची, "मी तोंड उघडलं असतं तर," आणि बाई हातातला घास ताटात परत ठेवायच्या. आपल्या वाटणीचं पाप बहीण उचलतेय आणि आपण तिच्या पाठीवरून हात फिरवतोय, याहून हलकं काय असतं माणसात?

रविवारी दुपारी धाकटी त्याच्या पँटची शिलाई उसवत बसली होती. कापड चांगलं आहे, कुणाच्या तरी कामी येईल म्हणाली. आणि पुन्हा तेच, "मी तोंड उघडलं असतं तर..."

"तरी डॉक्टरांनी आकडाच पाहिला असता," बाई म्हणाल्या. "आणि आकडा खोटा होता. मी खोटा केला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाटली, तीन सह्या, नवी मुलगी, दहा. मधे दोनदा दम लागून थांबावं लागलं. धाकटी हातातली कात्री तशीच धरून ऐकत होती.

"त्यांचा खरा किती होता?"

"बारा."

"बारा म्हणजे काय करायचं असतं?"

"घरी बसवायचं. पंप दुप्पट करायचा."

धाकटीने कात्री खाली ठेवली. "त्यांनी तुला सांगितलं होतं. जिन्यात. मी दारात होते. मांजर म्हणाले होते ते."

"हो."

"आणि तू चार म्हणालीस."

"हो."

बाईंना वाटलं, आता ती ओरडेल, निघ म्हणेल. त्या त्यासाठी तयार होत्या, खरं तर तेच हवं होतं त्यांना. पण धाकटी नुसती बघत राहिली, आणि त्या शांततेत बाईंच्या छातीतला आवाज सगळ्या खोलीला ऐकू येऊ लागला. दम आत जाईना, बाहेर येईना. त्यांनी टेबलाची कड धरली.

धाकटी उठली. कपाटाचा वरचा खण तिने ओढला आणि आतून त्याचा रोजचा पंप काढला, डॉक्टरांनी थांबवला होता तो. पंपाच्या मागे छोटी खिडकी असते, त्यात किती मात्रा उरल्या ते दिसतं. तिने ती बाईंच्या डोळ्यांसमोर धरली. एकशे बारा.

"एवढे घ्यायचे राहिले त्यांचे," ती म्हणाली. "ओढ."

"हा लगेच काम करत नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या. "रोज घ्यावा लागतो."

"माहितीये मला. रोजच घ्यायचा. सकाळी, इथे, माझ्यासमोर बसून."

बाईंनी झाकण काढलं, होता नव्हता तो श्वास बाहेर सोडला आणि पंप ओढला. धाकटीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, मागचा आकडा एकशे अकरा झाल्याचं पाहिलं, पंप खणात ठेवला आणि खण लावून घेतला.